व्हिसा आला, घराचं काय?

जर्मनीचा व्हिसा आला, बॅगेत कुकरही बसला. पण राहायचं कुठे? मास्टर्ससाठी बर्लिनला गेलेली आमची एक सीनियर पहिले दोन महिने मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपली. तिच्याकडून कळलेल्या गोष्टी:

जाहिरातीतलं ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी वगैरे धरून ‘वार्ममीटे’. बजेट त्यावरच करा. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या काल्टमीटेइतकंच, तेही ३ हप्त्यांत देता येतं.

घरात गेल्यावर २ आठवड्यांत ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करावी लागते. त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र हवं. सोफ्याला ते कोण देणार? नोंदणी नाही म्हणून टॅक्स आयडी नाही, पार्टटाइम जॉबचंही लटकलं. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा, ‘इथे आनमेल्डुंग होईल ना?’

‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरियरने येईल’ असा मेल आला, तर सरळ डिलीट! ही पैसे भरता भरता वाचली.

अ‍ॅडमिशन मिळाल्याच दिवशी विद्यार्थी हॉस्टेलचा अर्ज टाका, वेटिंग मोठं असतं.

तिला शेवटी शेअरिंगमध्ये खोली मिळाली. आता कुकरची शिट्टी झाली की जर्मन रूममेट दचकते म्हणे!