आपले शेजारी : साप, घोरपड आणि विंचू



आपल्या बीड जिल्ह्यात पाऊस कमी आणि ऊन फार. तरी बांधावर, माळावर किती तरी जीव राहतात. ज्यांच्या अंगावर खवले असतात आणि ज्यांचे अंग आपल्यासारखे कायम गरम राहत नाही, ते सरपटणारे प्राणी. साप, सरडा, पाल, घोरपड, कासव हे सगळे त्यात आले. सकाळी सरडा कुंपणावर ऊन खात बसतो तो अंग गरम करायला.

मी ही माहिती का लिहिते ते सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला माझे आई-अण्णा ऊसतोडीला जातात. मी आजीजवळ राहते. ते पाच-सहा महिने कोपीत राहतात आणि भुईवर झोपतात. फडात पाचट असते. पाचटात उंदीर असतात आणि उंदरामागे साप येतो. आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांचे आईवडील असेच जातात. म्हणून आपल्याला साप ओळखता आले पाहिजेत.

माणसाला मारणारे मुख्य विषारी साप चार आहेत.

१) नाग : फणा काढतो. तो सगळ्यांना माहीत आहे.
२) मण्यार : काळा, चकचकीत. अंगावर पांढरे बारीक पट्टे. रात्री हिंडतो. भुईवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावलेले फारसे दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा झोपी जातो. हाच मोठा धोका.
३) घोणस : जाड अंग, पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके. कुकरच्या शिटीसारखा मोठा फुत्कार टाकतो.
४) फुरसे : लहानसे असते. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करते.

नाग आणि मण्यार यांच्या विषाने पापण्या जड होतात आणि श्वास कोंडतो. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठत नाही आणि सूज येते.

बाकीचे बरेच साप बिनविषारी आहेत. धामण दिसायला मोठी, पण तिला विष नाही. ती उंदीर खाते, म्हणून तिला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात. दिवड पाण्यात राहतो. मांडूळ मातीत राहते. त्याची शेपटी बोथट असते, म्हणून लोक त्याला दोन तोंडे आहेत असे म्हणतात. तोंड एकच असते. कवड्या मण्यारीसारखा दिसतो, पण बिनविषारी असतो. ओळख पटली नाही तर जवळ जाऊ नये.

आमची आजी रात्री साप म्हणत नाही, ‘जनावर’ म्हणते. साप चावला तर ‘पान लागलं’ म्हणते. ती म्हणाली, “नाग डूख धरतो, दूध पितो.” मी पुस्तकात वाचून तिला सांगितले, “आजी, सापाचं अन्न उंदीर, बेडूक. दूध नाही. त्याला बाहेरून कान नसतात. गारुड्याची पुंगी हलते तिकडं बघून तो डोलतो.” आजी म्हणाली, “तुझी बाई शिकलेली हाय, आसंल बाई तसं.”

घोरपड ही पालीच्या जातीची, पण खूप मोठी. तिची जीभ सापासारखी दुभंगलेली असते. ती उंदीर, किडे, अंडी खाते. तानाजी मालुसरे घोरपडीच्या साहाय्याने सिंहगड चढले अशी दंतकथा आहे. काही लोक तेलासाठी तिला मारतात. हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला.

आपल्या घोरपडीचे भाऊबंद दूर ऑस्ट्रेलिया देशातही आहेत. तिथे त्यांना गोआना म्हणतात. तिथे एका सरड्याच्या गळ्याला छत्रीसारखी झालर असते आणि एका सरड्याची जीभ निळी असते. तिथला तैपान साप फार जहाल विषाचा आहे. तरी त्या देशात वर्षाला दोन-तीनच माणसे साप चावून मरतात. आपल्या भारतात २००० ते २०१९ या काळात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मी गुणाकार करून पाहिला. २० वर्षांत ११ लाख ६० हजार होतात! आपण अनवाणी रानात जातो, भुईवर झोपतो, आणि साप चावल्यावर आधी देवर्षीकडे जातो. तिथे वेळ जातो.

साप चावल्यावर काय करावे?

माणसाला धीर द्यावा. बांगड्या, अंगठी काढावी. चावलेला हातपाय काठी बांधून स्थिर ठेवावा. चालवू नये. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. १०८ नंबरला फोन करावा आणि थेट सरकारी दवाखान्यात न्यावे.

सापाचे औषध घोड्यापासून करतात. घोड्याला विष अगदी थोडे थोडे टोचतात. त्याच्या रक्तात विषाशी लढणारे द्रव्य तयार होते. ते काढून, शुद्ध करून बाटलीत भरतात. हे एकच औषध चारही सापांवर चालते. म्हणून साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही.

विंचू सरपटणारा प्राणी नाही. त्याला आठ पाय असतात. विंचवावरच्या उपचारासाठी डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मोठे काम केले. ते आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

मित्रांनो, रात्री बॅटरी घेऊन चाला. पायात पायताण घाला. बाजेवर झोपा, नाही तर मच्छरदाणी नीट खोचून झोपा. साप दिसला तर मारू नका, मोठ्या माणसांना सांगा.

मी चार सापांची नावे आणि १०८ हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पिशवीत ठेवणार आहे. आईला वाचता येते. तुमचे आईवडीलही जाणार असतील तर त्यांनाही असा कागद लिहून द्या. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना गाड्या निघायच्या आधी वाचून दाखवा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी