आडवी नाही, उभी धर

डोलकाठीवर चढताना पहिली शिकवण मिळते ती हातांना. डेकच्या दोन्ही कडांपासून जाड तारा निमुळत्या होत वर गेलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दोर बांधलेले असतात. पाय आडव्या दोरावर ठेवायचा, हात मात्र उभ्या तारेवरच. आडवा दोर झिजतो, ऊन-पावसात कुजतो, एखाद्या दिवशी तुटतो. उभी तार अख्खी डोलकाठी तोलून धरते. पायाखालची पायरी गेली तरी हात सुटत नाही, तो याच एका सवयीमुळे. चढायचं तेही वाऱ्याकडच्या बाजूने, म्हणजे वारा माणसाला बाहेर ओढत नाही, तारांवर दाबून धरतो.

हे मला शिकवलं सतरा वर्षांच्या एका जर्मन मुलाने. "आडवी नाही, उभी धर," असं तो खालून दर चार पावलांना सांगत होता. त्याच्या आवाजात घाई अजिबात नव्हती. तो स्वतः हे शिकून पाचच दिवस झाले होते.

जुलै 2018. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या सन्डरलंडहून डेन्मार्कच्या एस्बियर्गकडे निघालेल्या एका नॉर्वेजियन जहाजावर मी होते. जहाजाचं नाव आणि मुलांची नावं मुद्दाम लिहीत नाही. त्यांतली बरीच मुलं अठराच्या आतली होती. टॉल शिप्स रेस म्हणून युरोपात दर उन्हाळ्यात शिडाच्या जहाजांची जी शर्यत होते, तिचा तो पहिला टप्पा होता. या शर्यतीचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक जहाजावरचे निदान निम्मे लोक 15 ते 25 या वयातले असलेच पाहिजेत. उरलेल्या जागांत माझ्यासारख्या, चाळिशी ओलांडलेल्या भूगोलाच्या शिक्षिकेलाही जागा मिळू शकते. खारे वारे आणि मतलई वारे मी वीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवले होते. लहानपण रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या जेटीजवळ गेलं. तरी शिडाचा दोर कधी हातात घेतला नव्हता.

ही शर्यत खरं तर निरोप म्हणून ठरली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर वाफेच्या आणि डिझेलच्या जहाजांपुढे मोठी शिडाची जहाजं संपत चालली होती. लंडनच्या बर्नार्ड मॉर्गन या वकिलाच्या मनात आलं की उरलेली प्रशिक्षण-जहाजं एकदा तरी एकत्र यावीत. 1956 साली इंग्लंडच्या टॉरबेहून पोर्तुगालच्या लिस्बनपर्यंत वीस जहाजं निघाली. लोकांनी आणि खलाशांनी तो सोहळा इतका उचलून धरला की निरोप राहूनच गेला.

आमच्या जहाजाला तीन डोलकाठ्या आणि तिन्हींवर आडवी शिडं. आपल्याकडे ज्या दांड्याला शीड बांधतात त्याला कोकणात परबाण म्हणतात. इथे प्रत्येक डोलकाठीवर एकावर एक अशा पाच परबाणा होत्या. शीड गुंडाळायचं तर परबाणेवर पोट टेकून ओणवं व्हायचं, दोन्ही हातांनी जाड कापड ओढून घ्यायचं आणि बांधायचं. पाय ठेवायला परबाणेखाली एकच दोर झोळ देऊन लटकवलेला असतो. त्यावर चार-पाच जण ओळीने उभे राहतात, कमरेचा पट्टा वरच्या तारेत अडकवलेला. खाली तीन-चार मजल्यांएवढी हवा.

आता ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण अख्ख्या प्रवासातलं शिक्षण मला तिथे दिसलं. त्या दोरावर नवा माणूस पाय ठेवतो तेव्हा त्याच्या वजनाने दोर तिथे खाली जातो आणि आधीपासून उभ्या असलेल्यांच्या पायाखाली एकदम वर उचलला जातो. बेसावध असेल तर शेजारच्याचा तोल जाईल. म्हणून पाय ठेवण्याआधी मोठ्याने ओरडायचं, "स्टेपिंग ऑन!" मग थांबायचं. दोरावरच्या सगळ्यांनी उत्तर दिल्याशिवाय पाय टाकायचा नाही. उतरतानाही तसंच, कारण वजन गेलं की दोर पुन्हा जागा बदलतो. पोर्तुगालचा एक धटिंगण मुलगा पहिल्याच दिवशी न ओरडता चढला. शेजारची पोलिश मुलगी गुडघ्यात वाकली, परबाणेला घट्ट बिलगली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. कोणीही त्याला रागावलं नाही. पहाऱ्याच्या प्रमुख बाईंनी त्याला दोराच्या मधोमध उभं केलं आणि टोकाकडून बाकीच्यांना एकेक करून चढायला सांगितलं, न ओरडता. तीन माणसं चढेपर्यंत त्याला सगळं कळलं. त्यानंतर जहाजावर सर्वांत मोठा आवाज त्याचा असायचा. आपल्या वजनाची वर्दी दुसऱ्याला आधी द्यायची असते, हे मी वर्गात कोणाला इतक्या लवकर शिकवू शकले नसते.

चार तास पहारा, आठ तास सुट्टी, अशा तीन पाळ्या. पहाऱ्यावर दोघं सुकाणूच्या चाकावर, एक जण नाळेवर टेहळणीला, एक जण तासातासाला जहाजभर फिरून कुठे धूर नाही ना, पाणी नाही ना, हे बघणारा, आणि उरलेले हाक येईल तेव्हा दोर ओढायला. झोपायचं खालच्या डेकवर टांगलेल्या झोळ्यांत, इतक्या जवळजवळ की जहाज कललं की सगळ्या झोळ्या एकदम एका बाजूला झुकायच्या. सकाळी झोळ्या गुंडाळल्या की तीच जागा जेवणघर आणि तीच शाळा.

भाषेची अडचण मला वाटली होती तितकी नव्हती. म्हणजे होती, पण दोरावर हात असताना ती निम्मी व्हायची. हुकूम नॉर्वेजियन आणि इंग्रजीची खिचडी करून यायचे. "हाल!" म्हटलं की ओढायचं. इंग्रजीत हॉल, डचमध्ये हालन, जर्मनमध्ये होलन, आणि त्या पोर्तुगीज मुलाने सांगितलं, आमच्याकडेही आलार. एकाच दोराला लागून एक शब्द इतके किनारे फिरून आला होता. मी त्यांना म्हटलं, ब्रिटिश जहाजांवर हिंदी महासागरातल्या खलाशांच्या टोळीत सारंग आणि त्याच्या हाताखाली तांडेल हे हुद्दे असत, आणि त्या टोळ्यांत माझ्या रत्नागिरीची पुष्कळ माणसं होती. आमच्याकडे मासेमारी होडीवरच्या मुख्य माणसाला आजही तांडेल म्हणतात. मुलांना तो शब्द आवडला. पुढचे दोन दिवस पहाऱ्याच्या प्रमुख बाई तांडेल झाल्या होत्या.

दोर किती, ते मोजायचा प्रयत्न मी दुसऱ्या दिवशी सोडला. प्रत्येक शिडाला ते उघडणारे, आवरणारे, वर चढवणारे, परबाण फिरवणारे वेगवेगळे दोर, आणि प्रत्येक दोराची कठड्याजवळ ठरलेली खुंटी. दिवसा नाव वाचून शोधता येतं. रात्री शोधता आलं पाहिजे ते बोटांनी. त्यासाठी खेळ लावायचे. मुलांच्या दोन रांगा, प्रमुख बाई एका दोराचं नाव घेणार, दोन मुलं झटपट जाऊन त्या दोरावर हात ठेवणार, चुकला तर रांगेच्या शेवटी. भरभर चालायचं पण पळायचं नाही, कारण ओल्या डेकवर पळणं मना.

या खेळात लाटव्हियाची एक मुलगी होती, सोळाची. इंग्रजी जेमतेम. डोलकाठीवर ती पहिल्या फळीपर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. तिला कोणी आग्रह केला नाही. वर जाणं ऐच्छिक असतं, आणि ते खरोखर ऐच्छिक ठेवलेलं होतं, हे मी स्वतः पाहिलं. पण ती मोकळ्या वेळात खुंट्यांच्या रांगेवरून हात फिरवत चालायची, डोळे मिटून, ओठ हलवत. तिसऱ्या दिवशी तिला कोणी हरवू शकेना.

त्या उन्हाळ्यात उत्तर युरोपात उकाडा होता आणि आम्हाला वारा बेताचाच मिळाला. सन्डरलंड ते एस्बियर्ग सरळ रेषेत साडेतीनशे सागरी मैलांना जरा कमीच अंतर, पण शिडाचं जहाज सरळ रेषेत जात नाही. बाजू बदलायची तर तीसेक जणांनी एकाच क्षणी काही दोर सोडायचे आणि काही ओढायचे. एकानेही खुंटीवरचा दोर आधी मोकळा केला किंवा उशिरा सोडला की शिडं उलटी फुगतात आणि जहाज जागच्या जागी घुटमळतं. तसं एकदा झालं. मग पाऊण तास सगळे डेकवर बसून, पाव खात, कोणाच्या हातात काय होतं हे आठवत राहिले. दोष शोधायला नाही, क्रम लावायला. एका नॉर्वेजियन मुलीने खडूने डेकवर जहाज काढलं आणि प्रत्येकाला त्याच्या जागेवर बटाटा ठेवायला सांगितलं.

डॉगर बँकेवरून जात असताना एका डच मुलाने आम्हाला खोलीचा आकडा दाखवला. भर समुद्रात, आणि खाली वीस-पंचवीस मीटरच पाणी. हिमयुगाच्या शेवटी ही जमीन होती, माणसं इथे शिकार करत; समुद्र चढत गेला आणि सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी ती बुडाली. मासेमारीच्या जाळ्यांत इथून मॅमथची हाडं येतात. मी हे पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. त्या मुलाने ते कठड्यावरून खाली बोट दाखवून सांगितलं, आणि दहा-बारा जण वाकून त्या हिरवट पाण्याकडे बघत राहिले.

एका रात्री बाराच्या पहाऱ्याला डेकवर उघडणारं लोखंडी दार कोणीतरी उघडं टाकलं होतं. समुद्र शांत होता. जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने ते बंद केलं, आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं आणि कॉनकॉर्डियाची गोष्ट सांगितली. ती कॅनडाच्या 'क्लास अफ्लोट' या तरंगत्या शाळेची तीन डोलकाठ्यांची नौका. 17 फेब्रुवारी 2010 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर, दुपारी, मुलांचे तास चालू असताना वावटळीत ती आडवी झाली आणि परत उठली नाही. उघड्या दारांतून आणि झडपांतून पाणी आत शिरलं. 64 जण होते, त्यांत 48 विद्यार्थी. सगळे तराफ्यांवर गेले आणि जवळपास चाळीस तासांनी मालवाहू जहाजांनी त्यांना उचललं. एकही जीव गेला नाही, कारण तराफ्यांपर्यंत जायची कवायत मुलांच्या अंगात भिनलेली होती. कॅनडाच्या चौकशीत अधिकाऱ्यांना जहाजाच्या तोलाची माहिती वापरायला नीट शिकवलं गेलं नव्हतं, हेही पुढे आलं. "म्हणून दार," एवढं बोलून तो गेला. पुढच्या रात्री मी दर तासाला मुलांना दाराची कडी हाताने चाचपताना पाहिलं.

अशा शाळा आजही चालतात. जर्मनीतली 'थोर हायरडाल' ही नौका दहावीच्या वयाच्या मुलांना घेऊन कीलहून अटलांटिक ओलांडते आणि सहा-सात महिन्यांनी परत येते. मुलं गणित-जीवशास्त्र शिकतात, परतीच्या प्रवासात काही काळ जहाज स्वतः चालवतात. खर्च मोठा असतो, शिष्यवृत्त्या थोड्या. हे मला टोचतं. ज्या मुलाच्या घरासमोर समुद्र आहे त्याला समुद्रावरची शाळा परवडू नये, हे बरोबर नाही. महाराष्ट्राला लांबलचक किनारा आहे आणि शाळेतल्या मुलांसाठी अशी एक नौका असावी, असं मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आले आहे. बांधणारे हात आपल्या शेजारीच आहेत.

त्या हातांचं काम मी सन्डरलंडच्या बंदरातच पाहिलं होतं. आमच्यापासून थोड्या अंतरावर आपल्या नौदलाची आयएनएस तरंगिणी उभी होती. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली, 1997 साली नौदलात दाखल झालेली, 2003-04 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केलेली, आणि आता कोचीहून इथवर आलेली. गर्दीत मी मराठी बोलले आणि एका खलाशाने मान वळवली.

"ताई, तुमी खंयच्या?"

तो मालवणचा निघाला. मी दुसऱ्या जहाजावर शिकाऊ म्हणून जातेय म्हटल्यावर त्याने माझे हात उलटून पाहिले. "फोड येतले. पुसू नकात, फोडू नकात, वर जावक भिया नकात." इतकं सांगून तो लोकांना तरंगिणीवर चढवायला निघून गेला. दोन दिवसांनी पहाटेच्या धुक्यात क्षितिजावर शिडांचा एक मनोरा दिसला; ती तीच होती की दुसरी कोणी, मला ओळखता आलं नाही. फोड आले, आणि मी ते फोडले नाहीत.

या शर्यतीत पहिल्या येणाऱ्या जहाजापेक्षा मानाचं एक पारितोषिक असतं, मैत्रीचं. देशोदेशींच्या माणसांमधला समजूतदारपणा वाढवायला ज्या जहाजाने सर्वांत जास्त केलं, त्याला ते मिळतं, आणि मतं देतात इतर जहाजांची माणसं. आमच्या जहाजावर त्याबद्दल कोणी बोललं नाही. बटाटे सोलायची पाळी कोणाची, यावर मात्र दररोज बोलणं व्हायचं.

एस्बियर्गला धक्का लागला. काही मुलं उतरली, पुढच्या टप्प्याची नवी चढली. मी पिशवी खांद्यावर घेऊन उतरत होते. कठड्याजवळ ती लाटव्हियाची मुलगी एका नव्या मुलाला खुंट्या दाखवत होती. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच, हात खिशात. तिने त्याचा हात खिशातून काढला, मनगट धरलं, पहिल्या खुंटीवर ठेवला आणि स्वतःच्या दुसऱ्या हाताने त्याचे डोळे झाकले.

"वन," ती म्हणाली, आणि त्याचा हात पुढे सरकवला.