दारावरचा फलक

वाचनालयाच्या दाराशी एक काळा फलक टांगलेला असतो. त्यावर खडूने चार-सहा ओळी लिहिलेल्या असतात. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, ‘आगामी कार्यक्रम’. रस्त्याने शेकडो माणसे जातात-येतात. एखादा थांबून वाचतो, बाकीचे तसेच पुढे जातात. या फलकाविषयी आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत.

आमच्या रात्रीच्या वर्गात मानपाड्याची एक बाई येत असे. चार घरची धुणीभांडी करून, घरचा स्वयंपाक उरकून ती आठाच्या ठोक्याला हजर असायची. वर्षभरात ती चांगली वाचू लागली. तिची मुलगी दहावी पास झाली. त्याच सुमारास एका वाचनालयाच्या फलकावर लिहून आले, ‘दहावीनंतर पुढे काय? पालकांसाठी व्याख्यान.’ बाईने ते वाचले. आता ही नक्की जाणार, असे आम्हांला वाटले. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले, ‘‘काय बाई, व्याख्यान कसं झालं?’’

‘‘दारापर्यंत गेले होते, गुरुजी. पण पैसे लागणार होते तिथं.’’

‘‘किती?’’

‘‘ते नव्हतं लिहिलं. नुसतं ‘मूल्य’ लिहिलं होतं. मूल्य म्हणजे किंमत, तुम्हीच नाही का शिकवलं?’’

आम्ही जाऊन फलक पाहिला. त्यावर लिहिले होते, ‘प्रवेश विनामूल्य’.

विनामूल्य म्हणजे पैसे न घेता, फुकट. बाईने शब्दाचे शेपूट वाचले आणि डोके सोडले. पण त्याची किंमत तिला मोजावी लागली. आय.टी.आय.ला जायचे तर कोणते दाखले आधी काढून ठेवावेत, हे त्या दिवशी व्याख्यानात सांगितले गेले होते. तिला ते कळले फार उशिरा. दाखला हाती पडेपर्यंत प्रवेशाची पहिली फेरी होऊन गेली. मुलीला विजेचे काम शिकायचे होते. ते काही मिळाले नाही.

दोष कोणाचा? बाईचा तर मुळीच नाही. आम्ही तिला ‘कमळ’ शिकवले, ‘गरुड’ शिकवला. ते तिला रोज कुठे भेटतात? जो शब्द दारावर लिहिलेला असतो तो मात्र शिकवायचा राहिला. दोष आमचा. म्हणून हा पाठ.

वाचनालय कोणाचे?

आपल्या ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन वस्त्या आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर. दुसरी डोंबिवलीत, कल्याण-शीळ रस्त्याला. पाडा म्हणजे लहानशी वस्ती. आता दोन्ही पाडे शहरात मिसळून गेले. कोणत्याही मानपाड्यातून निघालात तरी एक जुने, नावाजलेले वाचनालय फार दूर नाही.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. कल्याणला आगगाडी आली १८५४ साली. म्हणजे गाडी आल्यावर दहा वर्षांत तिथे वाचनालय उभे राहिले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी निघाले. ते काढण्यात वि. ल. भावे यांचा मोठा हात होता. मराठी पुस्तके एके ठिकाणी जमवावीत, जपावीत आणि लोकांना वाचायला द्यावीत, हा हेतू. पुढे भाव्यांनी जुन्या मराठी कवींचा इतिहास लिहिला. त्या ग्रंथाचे नाव ‘महाराष्ट्र सारस्वत’.

ही वाचनालये कोणा राजाने बांधून दिली नाहीत. गावातल्या माणसांनी एकत्र येऊन ती काढली. पुढे १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. तेव्हापासून मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकार दरवर्षी अनुदान देते. अनुदान म्हणजे मदतीची रक्कम. आता ही रक्कम येते कुठून? सरकारच्या तिजोरीतून. आणि तिजोरी भरते कोण? तुम्ही-आम्ही. दुकानात साबणाची वडी घेता ना? तिच्या किमतीत कर असतो. तेव्हा वाचनालयात तुमचाही वाटा आहे. आत जाताना बिचकायचे काही कारण नाही.

काही वाचनालयांत एका खोलीवर ‘मुक्तद्वार’ असे लिहिलेले दिसेल. मुक्त म्हणजे मोकळे, द्वार म्हणजे दार. तिथे वर्तमानपत्रे मांडलेली असतात. कोणीही यावे, बसावे, वाचावे. सभासद असायलाच पाहिजे असे नाही.

वाचनालयाचे वर्ष

वाचनालय म्हणजे नुसती कपाटे नव्हेत. शेतकऱ्याचे वर्ष जसे पेरणी, कापणी, मळणी असे चालते, तसे वाचनालयाचेही एक वर्ष असते. सगळीकडे सगळे कार्यक्रम होतात असे नाही. पण पुढचे दिवस ध्यानात ठेवा. ते जवळ आले की फलकाकडे नजर टाकावी.

१२ ऑगस्ट हा ग्रंथपालांचा दिवस. ग्रंथपाल म्हणजे वाचनालयातली पुस्तके सांभाळणारा आणि हवे ते काढून देणारा माणूस. या दिवशी डॉ. रंगनाथन यांची जयंती करतात. ते तामिळनाडूचे. आधी गणिताचे शिक्षक होते, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. वाचनालय कसे चालवावे याचे पाच नियम त्यांनी सांगितले. त्यांतल्या दोहोंचा मथितार्थ असा : प्रत्येक वाचकाला त्याच्या जोगते पुस्तक मिळाले पाहिजे, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. याचा अर्थ काय? तुमच्याजोगते मोठ्या अक्षरांचे, सोप्या भाषेचे पुस्तक शोधून देणे हे ग्रंथपालाचे कामच आहे. ते मागायला संकोच कसला?

८ सप्टेंबरला साऱ्या जगात साक्षरता दिन पाळतात. हा दिवस तर तुमचाच.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. राष्ट्रपती होऊन गेलेले डॉ. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस. रामेश्वरमच्या साध्या घरातला हा मुलगा लहानपणी वर्तमानपत्रे वाटत असे. या दिवशी ठिकठिकाणी लोक एकत्र बसून वाचतात.

मग येते दिवाळी. आपल्याकडे दिवाळीला फराळ तसे दिवाळी अंक. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने खास दिवाळीचा अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा पडली. सगळे अंक विकत घेणे कोणाला परवडणार? म्हणून वाचनालये दिवाळी अंकांची योजना काढतात. एकदाच थोडे पैसे भरायचे आणि पुढे काही महिने एकेक अंक बदलून न्यायचा. घरात एकाने नाव घातले तरी चौघे वाचतात.

३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती. २७ फेब्रुवारीला कवी कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन. कुठे ग्रंथदिंडी निघते. पंढरीच्या वारीत पालखीत संतांच्या पादुका नेतात, तशीच इथे पालखीत पुस्तके ठेवतात आणि पुढे टाळ-मृदंग वाजतात. १४ एप्रिलला बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. पुस्तकांवर त्यांच्याइतके प्रेम करणारा माणूस विरळा. मुंबईत दादरला त्यांनी ‘राजगृह’ हे घर बांधले, त्यात पुस्तकांसाठी मुद्दाम जागा केली. २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन.

उन्हाळ्यात कुठे मुलांसाठी गोष्टींचे वर्ग असतात, तर कुठे व्याख्यानमाला. माळेत एकामागून एक मणी, तशी रोज एक याप्रमाणे व्याख्याने. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. तिचे पाहून गावोगावी अशा माळा निघाल्या.

व्याख्यानाला जायला वाचता आलेच पाहिजे असे नाही. कान उघडे असले म्हणजे झाले. डोळ्यांची निगा, साप चावला तर काय करावे, बँकेतली फसवणूक कशी ओळखावी, असेही विषय असतात. कीर्तनाला बसतो तसे बसावे आणि ऐकावे.

फलक कसा वाचावा?

आता मुद्द्याचे सांगतो. समजा, फलकावर असे लिहिले आहे :

आगामी कार्यक्रम
व्याख्यान : डोळ्यांची निगा
वक्ते : नेत्रतज्ज्ञ डॉक्टर
शनिवार, दि. १२, सायं. ६ वा.
स्थळ : वाचनालयाचे सभागृह, पहिला मजला
प्रवेश विनामूल्य. सर्वांस सस्नेह निमंत्रण.

एकेक शब्द घेऊ. आगामी म्हणजे पुढे येणारे, अजून व्हायचे आहेत ते. वक्ते म्हणजे बोलणारे. दि. म्हणजे दिनांक, तारीख. सायं. म्हणजे सायंकाळी. वा. म्हणजे वाजता. अक्षरापुढे टिंब दिसले की समजावे, लिहिणाऱ्याने शब्द तोडून लिहिला आहे. मा. म्हणजे माननीय, प्रा. म्हणजे प्राध्यापक. स्थळ म्हणजे जागा. लग्नाचे स्थळ नव्हे बरे!

आता तो आपला शब्द, विनामूल्य. गाडीत ‘विनातिकीट’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. विनातिकीट म्हणजे तिकिटाशिवाय. तसेच विनामूल्य म्हणजे मूल्याशिवाय, पैशाशिवाय. विनातिकीट गेलात तर दंड होतो. विनामूल्य असेल तिथे मात्र खुशाल जावे.

याच्या उलट ‘प्रवेश मूल्य’ किंवा ‘प्रवेश शुल्क’ असे लिहून पुढे आकडा असेल, तर तेवढे पैसे लागतात. ‘फक्त सभासदांसाठी’ असेल, तर ज्यांनी वाचनालयात नाव घातले आहे त्यांनाच प्रवेश. ‘नावनोंदणी आवश्यक’ असेल, तर आधी जाऊन नाव सांगावे लागते.

फलक वाचताना स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. काय आहे? कधी आहे? कुठे आहे? कोणासाठी आहे? पैसे किती? पाचांची उत्तरे सापडली तर फलक वाचला. एकाचे जरी सापडले नाही, तरी परत फिरू नये. आत जाऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

विचारले म्हणून दार उघडले

विचारल्याने काय होते, त्याची एक गोष्ट सांगतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेतली. अँड्र्यू कार्नेगी नावाचा एक मुलगा होता. बाप विणकर, घरी गरिबी. मुलगा तारा पोचवण्याचे काम करी. गावात एका कर्नलसाहेबांनी आपली चारशे पुस्तके काम करणाऱ्या मुलांसाठी खुली केली होती. दर शनिवारी एक पुस्तक न्यावे आणि पुढच्या शनिवारी बदलावे. पुढे वाचनालय मोठे झाले आणि नियम आला, की कारखान्यात रीतसर उमेदवारी करणाऱ्यांनाच पुस्तके फुकट, बाकीच्यांनी वर्गणी द्यावी. कार्नेगीने वर्तमानपत्राला पत्र लिहिले आणि विचारले, आम्हीही कामकरी मुलेच आहोत, मग आम्हांला का नाही? अखेर नियम बदलला. हाच मुलगा पुढे पोलादाचा मोठा कारखानदार झाला. त्याने दिलेल्या पैशांतून जगभर अडीच हजारांहून अधिक वाचनालये उभी राहिली.

आपण काही कारखानदार होणार नाही. पण शिकलेले अक्षर वापरले नाही तर गंजते. कोनाड्यात पडलेल्या विळ्यासारखे. १९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. फार मोठ्या संख्येने माणसे अक्षरे शिकली. शिकलेले टिकवायचे कसे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. आमच्या मते सोपा उपाय हाच, की आठवड्यातून एकदा वाचनालयाची पायरी चढावी.

सभासद व्हायचे असेल तर एक अर्ज भरावा लागतो. राहण्याचा पुरावा दाखवावा लागतो. दोन प्रकारचे पैसे असतात. एक वर्गणी, ती ठरावीक मुदतीने द्यायची. दुसरी अनामत. ती ठेव असते, सभासदत्व सोडताना परत मिळते. पावती मात्र जपून ठेवावी.

त्या बाईचे पुढे काय झाले, हे विचारायचे तुमच्या मनात असेल. डोळ्यांच्या व्याख्यानाला ती आपण होऊन गेली. मुलीलाही संगे नेले. दारात एक वही ठेवलेली होती, येणाऱ्याने सही करायची. मुलगी म्हणाली, ‘‘आई, तुझं नाव मी लिहिते.’’ बाई म्हणाली, ‘‘राहू दे. माझं मी लिहीन.’’ मागे रांग थांबली होती. तिने सावकाश, एकेक अक्षर जोडून, पूर्ण नाव लिहिले. मग पुढच्या रकान्यात पाहून म्हणाली, ‘‘आणि इथं काय लिहायचंय? पत्ता?’’ आणि खाली लिहिले, मानपाडा.

करून पाहा

१. तुमच्या जवळच्या वाचनालयाच्या फलकापुढे उभे राहा. पाच प्रश्नांची उत्तरे शोधा.
२. ‘विना’ लावून होणारे आणखी तीन शब्द सांगा.
३. समजला नाही असा एक शब्द लिहून आणा आणि वर्गात विचारा.
४. पुढच्या कार्यक्रमाला शेजारच्या एकाला तरी बरोबर घेऊन जा.