घरगुती सर्व्हर रॅक

घरगुती सर्व्हर रॅक ही घरी सर्व्हर, नेटवर्क स्विच व राउटर एकत्र बसवण्यासाठी वापरली जाणारी धातूची चौकट होय. माइनक्राफ्टसारख्या बहुखेळाडू खेळाचा स्वतःचा सर्व्हर चालवणे हा तिचा एक उपयोग आहे.

रचना

प्रमाणित रॅकमध्ये बसणाऱ्या उपकरणाची दर्शनी पट्टी १९ इंच (४८२.६ मिलिमीटर) रुंद असते. उंची 'यू' या एककात मोजतात. १ यू म्हणजे १.७५ इंच. भिंतीवरील रॅकची खोली बहुधा कमी असल्याने लांब सर्व्हर तीत मावत नाहीत.

खर्च

जुने, दोन प्रोसेसरांचे सर्व्हर स्वस्त मिळतात. मात्र त्यांचा आवाज व वीजवापर अधिक असतो. माइनक्राफ्टचा मुख्य भार प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडत असल्याने अनेक गाभ्यांचा लाभ मर्यादित राहतो. त्यामुळे रॅकच्या फळीवर ठेवलेला वापरलेला कार्यालयीन संगणक अनेकदा अधिक किफायतशीर ठरतो. सतत १०० वॅट वीज घेणारे यंत्र ३० दिवसांत ७२ युनिट वापरते.

पनवेल

रायगड जिल्ह्यातील पनवेल येथे २०२० मध्ये योटा कंपनीचे 'एनएम१' हे डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रांत शीतकरण व पर्यायी वीजपुरवठा ही स्वतंत्र व्यवस्था असते. घरी ती वापरकर्त्यालाच करावी लागते. कोकणातील दमट पावसाळ्यात रॅक ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर व हवेशीर जागी ठेवणे, तसेच योग्य अर्थिंग करणे आवश्यक असते. वीज गेल्यास खेळाची नोंद जतन करून सर्व्हर बंद करण्याइतका अवधी यूपीएसमुळे मिळतो.

इंटरनेट सेवादात्याने अनेक ग्राहकांत सामायिक आयपी पत्ता दिला असल्यास बाहेरील खेळाडू त्या पत्त्यावरून सर्व्हरशी थेट जोडले जाऊ शकत नाहीत.