एक मग गरम पाणी

१९९३ चा उन्हाळा. अल्ताई पर्वतातलं उकोक पठार, उंची सुमारे अडीच हजार मीटर. नतालिया पोलोस्माक यांची नोवोसिबिर्स्कची तुकडी इथे एक कुर्गान उकरतेय. कुर्गान म्हणजे ढिगाऱ्याखालची कबर; ही शकांच्या जातकुळीतल्या पाझिरिक भटक्यांची, दगडांनी झाकलेली. अशा दिवसाचं काम साधारण असं चालतं.

सकाळी ७. गारठ्याने बोटं वळत नाहीत. तळ्यावरून बादल्या भरून आणायच्या. पठारावर झाडच नाही, तर सरपण कुठलं? पाणी ब्लोलॅम्पवर तापवायचं. इंधन खालून आणलेलं, त्यामुळे ज्योत बेताची.

सकाळी ९. वरची, नंतरच्या काळातली कबर चोरांनी केव्हाच लुटली. खाली आणखी एक आहे, हे त्यांना कळलंच नाही. खालच्या लाकडी खोलीत पाणी झिरपलं, गोठलं आणि सुमारे अडीच हजार वर्षं गोठलेलंच राहिलं. त्यावर कुदळ चालवली तर नमदा फाटेल, चामडं तुटेल. म्हणून मगाने गरम पाणी ओतायचं. थांबायचं. वितळलेलं उपसायचं. पुन्हा ओतायचं. तासन् तास वाकून पाठ धरते, गुडघे भिजतात. घाई केलेली इथे कुणालाच परवडत नाही.

दुपारी १२. बर्फातून लाकडी ताट वर येतं. त्यात मेंढीचं मांस. वितळताच वास सुटतो.

दुपारी १. जेवण. जेवताना विषय पगाराचा: शहरात रुबल महिन्यागणिक घसरतोय, हातात पडेपर्यंत पगाराची किंमत उतरलेली असते.

दुपारी ३. खोलीबाहेर, उत्तरेच्या अंगाला सहा घोडे. कवटीला घावाचं भोक. अंगावर केस शिल्लक, नमद्याची खोगिरं शिल्लक. भटक्या माणसाचं सगळं धन म्हणजे घोडा. एका माणसामागे सहा घोडे कुणी आणि कसे दिले असतील, हा विचार माझी पाठ सोडत नाही. खोलीचे लार्च झाडाचे ओंडकेही खालच्या खोऱ्यातूनच ओढून वर आणावे लागले असणार.

संध्याकाळी ६. एका ओंडक्यातून कोरलेली शवपेटी मोकळी होते. झाकण खिळे ठोकून बंद. पुढे तिच्यातून एक तरुण बाई निघाली. अंगात रेशमी सदरा, डाव्या खांद्यावर हरणाचं गोंदण. पण त्याआधी आतलाही बर्फ असाच, मगामगाने वितळवावा लागला.

रात्री ९. अजून उजेड आहे. पेटीच्या बाजूंवर चामड्यातून कापलेली हरणं आहेत. त्यांचं रेखाटन आजच उरकायला हवं. वारा लागला की चामडं आक्रसतं.