शिकलेली सुईण, सुखरूप आई

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडील जुन्या बाया म्हणत. त्यातला जिवाचा धोका त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. परंतु हा धोका कपाळी लिहिलेला नसतो. सरकारने आणि समाजाने मनावर घेतले तर तो टाळता येतो. शेजारच्या श्रीलंकेने, फारशी श्रीमंती नसताना, हे करून दाखविले आहे.

१९३० च्या दशकात तेथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे दोन हजारांहून अधिक माता दगावत. म्हणजे पन्नास बाळंतपणांमागे एक आई! २०१९ सालापर्यंत हे प्रमाण लाखामागे ४० च्या खाली आले.

हे कसे घडले? १९२६ साली कळुतारा येथे पहिले आरोग्य केंद्र निघाले आणि पुढे गावोगाव प्रशिक्षित सुईण नेमण्याची पद्धत रुजली. दीड वर्षाचे सरकारी शिक्षण घेतलेल्या या सुईणीकडे साधारण ३ ते ५ हजारांची वस्ती सोपविलेली असते. बाईला दिवस गेले की ती घरी येते, नाव नोंदविते, रक्तदाब पाहते. पायावर सूज, डोके दुखणे, अंगावरून रक्त जाणे ही धोक्याची लक्षणे समजावून सांगते आणि वेळेवर सरकारी रुग्णालयात पाठविते. तेथे उपचार मोफत. बाळंतपणानंतर तीच पुन्हा घरी येते आणि पाळणा लांबविण्याविषयी नवरा-बायकोशी बोलते. गोळ्या, निरोध तिच्याजवळच मिळतात; तांबीसाठी ती दवाखान्याची वाट दाखविते.

यातले मर्म आम्हांला असे वाटते की, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन ही दोन खाती तेथे वेगळी पडली नाहीत. जिने पहिल्या खेपेला जीव वाचविला, तिचा सल्ला बाई विश्वासाने ऐकते. जबरदस्तीची गरज पडत नाही. जोडीला मुलींचे मोफत शिक्षण होतेच. मात्र चहाच्या मळ्यांतील तमिळ मजूर स्त्रियांपर्यंत ही सेवा उशिरा पोहोचली, आणि त्या दीर्घकाळ मागे राहिल्या. कष्टकऱ्यांच्या वाट्याला सगळीकडे शेवटचा नंबर, हे तेथेही चुकले नाही.

आपल्या वाचकांना हा विचार परका नाही. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू मांडली. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयींचा ठराव आणला. सभागृहाने तो फेटाळला. ज्या काळी हा शब्द उच्चारणेही लाजिरवाणे होते, त्या काळी बाबासाहेबांनी बाईच्या शरीराचे कष्ट हा कायदेमंडळाचा विषय केला.

आज आपल्याकडे काय दिसते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. पुरुषांची नसबंदी अवघी ०.३ टक्के! पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, बिनटाक्याचीही होते. तरी टेबलावर झोपायचे ते बाईनेच. समतेची भाषा बोलणाऱ्या घरात तरी हे शोभत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. दिवस गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत दवाखान्यात नाव घाला. पतीने तपासणीला सोबत जावे आणि दोन मुलांत अंतर किती, हे पत्नीला विचारून ठरवावे. नियमाप्रमाणे ५ हजार लोकवस्तीमागे, डोंगराळ भागात ३ हजारांमागे, एक उपकेंद्र असते. तेथे सिस्टरची जागा रिकामी असेल तर ग्रामसभेत उठून विचारा. रस्ता आणि नळ आपण मागतोच. सिस्टरही तितक्याच हक्काने मागितली पाहिजे.