घरचा डी.सी. पुरवठा (भाग ४) : ट्रान्सफॉर्मर आपल्या वस्तीच्या व्होल्टेजला मापून घ्या

गेल्या आठवड्यात वाचकांना एक काम दिलं होतं : घरच्या सॉकेटमधलं व्होल्टेज दिवसातून तीन वेळा मोजून वहीत लिहायचं. टेंभुर्णीजवळच्या आमच्या वस्तीवरची माझी नोंद अशी आहे. थ्री फेज आली आणि उजनीच्या पाण्यावरच्या उसाच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की मीटर २०० दाखवतो. मोटारी बंद झाल्यावर, उत्तररात्री, तोच मीटर २५० वर जातो. दुकानातल्या ट्रान्सफॉर्मरवर मात्र एकच आकडा छापलेला असतो, २३०. आज ट्रान्सफॉर्मर निवडायचा आहे, तो या छापील आकड्यावर विसंबून चालणार नाही.

आपल्याला बनवायचाय १२ व्होल्ट, १ अँपिअरचा पुरवठा. रेग्युलेटर म्हणून ७८१२ ही आय.सी. वापरणार आहोत. मग १२ व्होल्टचाच ट्रान्सफॉर्मर का नको, असं बहुतेक जण विचारतात. हिशेब करून पाहू.

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट म्हणजे ए.सी.चं आर.एम.एस. मूल्य. कपॅसिटर भरतो तो लाटेच्या शिखरापर्यंत, म्हणजे १.४१४ पटीने : सुमारे १७ व्होल्ट. त्यातून डायोड साधारण १ व्होल्ट खातो. सेकंदाला १०० वेळा भरणारा ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन शिखरांच्या मधल्या वेळेत १ अँपिअर देताना सुमारे २ व्होल्टने खाली येतो. उरले १४. ७८१२ ला स्वतःचं काम करायला बाहेरच्या व्होल्टेजपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे तेच १४. कागदावर हिशेब जेमतेम जुळला, पण तो भिंतीत २३० असताना. मोटारी सुरू झाल्या आणि २०० झाले की १२ चे १०.४ होतात आणि शेवटी हातात उरतात जेमतेम ११.८. रेग्युलेटर हात टेकतो, रेडिओत घरघर शिरते आणि आपण बिचाऱ्या आय.सी.ला दोष देत बसतो.

आता १५ व्होल्टचा घ्या. २०० वर त्याचे १३ होतात, शिखर १८.४, आणि डायोड व कपॅसिटरचे ३ वजा केले तरी १५.४ उरतात. काम होतं. मग १८ चा घेतला तर आणखी चांगलं नाही का? नाही, कारण जास्तीचं व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतं. भिंतीत २५० असताना १ अँपिअरच्या भाराला १५ चा ट्रान्सफॉर्मर रेग्युलेटरवर सुमारे ९ वॉट टाकतो, १८ चा जवळजवळ १४ वॉट. नऊ वॉटनाही चांगला हीटसिंक लागतोच.

आपल्या वहीतल्या आकड्यासाठी सोपं सूत्र असं : १२ गुणिले २३०, भागिले तुमच्याकडचं सर्वांत कमी व्होल्टेज. २०० असेल तर १३.८ येतं, बाजारात त्यापुढचं माप १५. एखाद्या वस्तीवर १८० पर्यंत उतरत असेल तर १५.३ येतं, तिथे १८ चा घ्यावा आणि हीटसिंक मोठा लावावा. कपॅसिटर मात्र सर्वांत जास्त व्होल्टेज धरून घ्यायचा. भार नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर छापील आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त देतो. रात्रीच्या २५० वर १५ चा ट्रान्सफॉर्मर कपॅसिटरला २६ व्होल्टपर्यंत नेतो. २५ व्होल्टचा कपॅसिटर तिथे फुगेल. १५ च्या ट्रान्सफॉर्मरला ३५ व्होल्टचा घ्या, १८ च्या ट्रान्सफॉर्मरला ५० चा.

अँपिअरचं काय? कपॅसिटर सलग करंट घेत नाही, शिखरापाशी झटक्याझटक्याने ओढतो, आणि त्या झटक्यांनी वाइंडिंग जास्त तापतं. म्हणून १ अँपिअर डी.सी.साठी १५-०-१५, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर मागा. पुण्यातल्या तपकीर गल्लीत घ्या किंवा सोलापुरात, एकाच मापाचे दोन नग हातात तोलून पाहा. ज्यात लोखंड आणि तांबं कमी, तो हलका लागतो, मग त्यावर कितीही अँपिअर छापलेले असोत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडे जुने स्टॅबिलायझर घरोघरी पडून असतात आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर वापरायचा मोह होतो. मलाही झाला होता. कमी व्होल्टेजच्या टॅपला हात लावला आणि झटका बसून मागे फेकला गेलो. बहुतेक स्टॅबिलायझरमध्ये ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो : एकच वाइंडिंग, त्यालाच टॅप. त्यात भिंतीतली वीज आणि आपला हात यांच्यामध्ये काहीच आडवं नसतं. आपल्याला हवा तो दोन वेगळ्या वाइंडिंगचा. फॅरडेने १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन वेगळी वेटोळी गुंडाळली होती. त्यांच्यात तार जोडलेली नव्हती, दुवा होता तो फक्त चुंबकत्वाचा. तो वेगळेपणाच आपला जीव राखतो.

आता जोडणी. प्लग काढलेला ठेवूनच मीटरने ओहम मोजा. प्रायमरी काही दहा ओहम दाखवेल, सेकंडरी एकाहून कमी. सेकंडरी चुकून २३० ला जोडली तर धूर निघालाच म्हणून समजा. सेकंडरीच्या तीन तारांत बहुतेक वेळा एका रंगाच्या दोन तारा टोकाच्या आणि वेगळ्या रंगाची मधली, पण रंगावर न जाता मोजूनच खात्री करा. दोन टोकांना एकेक डायोड लावून त्यांची पट्टीची बाजू एकत्र करा, तो धन. मधली तार ऋण. १एन५४०८ हे ३ अँपिअरचे डायोड इथे आरामात चालतात. दोन टोकांवर ब्रिज लावलात तर ३० व्होल्ट ए.सी. मिळतील आणि ७८१२ जाईल, कारण तिची मर्यादा ३५ व्होल्ट डी.सी. आहे आणि ३० ए.सी.चं शिखर त्याच्या बरंच वर जातं.

प्रायमरीकडे थ्री-पिन प्लगच हवा. फेजच्या तारेत आधी अर्ध्या अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, मग स्विच. हिरवी तार ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाला आणि पत्र्याच्या डब्याला घट्ट. प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह.

पहिल्यांदा चालू करताना वायरमनच्या सिरीज बोर्डाचा उपयोग करा : ६० वॉटचा पिवळा बल्ब फेजच्या तारेत ओळीने. बल्ब क्षणभर चमकून विझला तर जोडणी बरोबर. लख्ख पेटून राहिला तर लगेच प्लग काढा आणि पुन्हा तपासा. बल्ब विझल्यावर तो काढून थेट जोडणी करा आणि भार न लावता तासभर चालू ठेवा. ट्रान्सफॉर्मर कोमट लागला पाहिजे, हात ठेववत नाही इतका तापता कामा नये.

पुढच्या भागात हीटसिंक. तोवर वहीतली नोंद थांबवू नका. उन्हाळ्यात उसाला पाणी वाढलं की आजचे २०० देखील टिकतील असं नाही, आणि तो नवा आकडा तुमची वहीच आधी सांगेल.